वाऱ्यावर ठेवलेला ठपका

मित्रांनो, मी एक जुना वातदर्शक आहे, आणि जे घडले त्याच्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही. चूक कोणाच्याही हातून होते. तिचे मला नवल नाही. पण एकच चूक दरवर्षी नेमाने, कमरेला पट्टे बांधून, उंच शिडी चढून तपासली जावी आणि दरवर्षी ती बिनचूक ठरावी, हे मला आजही खरे वाटत नाही. मी तिथेच होतो, तरीही खरे वाटत नाही.

वातदर्शक म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर त्यात तुमचा दोष नाही. आम्हाला कोणी मान वर करून पाहत नाही. पवनचक्कीच्या डोक्यावर, फिरणाऱ्या पात्यांच्या मागे, हातभर उंचीचा एक दांडा असतो. त्यावर आडवी काडी, काडीच्या एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला माशाच्या शेपटीसारखा चपटा पत्रा. वारा जिकडून येतो तिकडे मी तोंड करतो आणि खालच्या यंत्राला सांगतो, "इकडे वळ." ज्या यंत्राला मी असे सांगतो, त्याचे एकेक पाते दोन बसगाड्या एकामागे एक उभ्या केल्या तरी उरेल इतके लांब. तरीही ते माझे ऐकते. आमचे पूर्वज घरांच्या छपरांवर कोंबड्याच्या रूपात उभे असत. त्यांचे ऐकून कोणी काहीच करीत नसे, म्हणून त्यांच्यावर कसली जबाबदारीही नव्हती. जबाबदारी आली ती आमच्या पिढीवर.

माझा जन्म उपकरणांच्या एका कारखान्यात झाला. लांब टेबल, पांढरा उजेड, आणि डोळ्याला भिंग लावून बसलेली एक कारागीर बाई. तिने माझे सांधे बसवले, वजन पारखले आणि मग माझ्यावर हलकेच फुंकर घातली. मी गर्रकन फिरलो. "जागं झालं गं बाळ," ती शेजारणीला म्हणाली. माझ्या आयुष्यातला तो पहिला वारा.

मग तिने माझ्या मानेवर लाल रंगाची एक खूण केली. ही खूण नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. मला यंत्रावर बसवताना ती खूण यंत्राच्या नाकाकडे, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात त्या पुढच्या टोकाकडे, असावी लागते. वारा खुणेच्या दिशेने आला की यंत्र समजते, आपण वाऱ्याला अगदी सामोरे आहोत. खूण बाजूला सरकली, तर मी कितीही खरे सांगितले तरी यंत्राला ते वाकडेच ऐकू येते.

ज्या टेकडीवर मला जायचे होते, तिच्या पायथ्याशी एक शहर होते आणि शहराच्या कडेला कोळशावर चालणारे वीजघर. त्याचे एक धुराडे होते. दुसरे बांधायचे ठरत आले होते, कारण विजेची भूक वाढली होती. त्याच सुमारास वारा मोजणारी एक बाई पुढे आली. शहरात तिला सगळे वारेबाई म्हणत, काही कौतुकाने, बरेचसे थट्टेने. तिने दोन हिवाळे टेकडीवर मोजमाप केले होते आणि तिचे म्हणणे साधे होते: इथला वारा उत्तम आहे, चाळीस पवनचक्क्या उभारा, दुसऱ्या धुराड्याची गरज पडणार नाही.

तिचे म्हणणे हवेतले नव्हते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याची ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणून जागा निवडण्यातच निम्मी लढाई असते. सुरुवातीच्या पवनचक्क्या एखाद्या शाळेचे दिवे कसेबसे लावीत. आज समुद्रात उभ्या राहणाऱ्या एकेका यंत्राचे पाते खेळाच्या मैदानाहून लांब असते आणि ते एकटे हजारो घरांना पुरते. इतक्या थोड्या काळात इतके मोठे झालेले दुसरे काही असेल, तर ते म्हणजे समित्यांची संख्या. आमच्या शहरातही एक समिती नेमली गेली. तिने ठरवले, आधी एकच यंत्र उभारून पाहू. वारेबाईने सांगितले तेवढी वीज त्याने दिली तर चाळीस यंत्रे. नाही दिली तर धुराडे. म्हणजे एका बाईचा शब्द आणि एका शहराची हवा, दोन्ही त्या एका यंत्रावर टांगले गेले. आणि यंत्र माझ्यावर.

मला बसवायला दोघे जण वर आले. एक मिस्त्री, कामात चोख आणि स्वभावाने कडक. दुसरा त्याच्या बायकोचा भाऊ, ज्याला सगळे मेहुणाच म्हणत. यंत्राचे डोके आतून खोलीएवढे, पण बाहेरून अंड्यासारखे गुळगुळीत. त्याला एकही सरळ कड नाही. मागच्या बाजूला उभे राहिले की मधल्या फुगवट्यामुळे पुढचे नाकही दिसत नाही.

"दाजी, खूण सरळ पुढे करायची म्हणता," मेहुणा म्हणाला, "पण सरळ म्हणजे कुठे? इथे तर सगळं अंडंच आहे."

"तो कठडा दिसतो ना? त्याच्या रेषेत बसव."

"कठडा तरी सरळ आहे का?"

"कठडा सरळ नाही, मग काय तुझं डोकं सरळ आहे?"

दोघेही हसले. मेहुण्याने पाना फिरवला, आणि मी घट्ट झालो.

कठडा सरळ नव्हता, मित्रांनो. छतातल्या झरोक्यातून हत्यारांची पेटी घेऊन वर येणाऱ्या माणसाचा गुडघा आपटू नये, म्हणून कारखान्याने तो मुद्दाम तिरका बसवला होता. तो माणसांसाठी होता आणि माणसांच्या दृष्टीने अगदी योग्य होता. त्याने कधीही दिशा दाखवण्याचा आव आणला नव्हता.

तेव्हापासून आमचे यंत्र वाऱ्याकडे तिरके पाहत उभे राहिले. हात लांब करून पंजा फाकवला तर जेवढे अंतर डोळ्यांना दिसते, साधारण तेवढे तिरके. पाती फिरत, वीज होई. पण वाऱ्याचा मोठा वाटा बाजूने निसटून जाई आणि सांधे कुरकुरत. मी प्रत्येक क्षणी वारा कुठून येतो ते अचूक सांगत होतो. वाकडे बसवलेल्या तोंडातून खरे कसे बाहेर पडते, हे मी रोज ऐकत होतो.

वर्षातून एकदा तपासणी होई. मिस्त्री यादी वाचे आणि मेहुणा उत्तरे देई.

"कोंबडा?" मला ते कोंबडाच म्हणत.

"कठड्याला समांतर, दाजी. सुतासारखा."

"शाबास. पूस आणि चल."

मेहुणा मऊ फडक्याने मला पुसे, सांध्यात तेलाचा थेंब सोडे, शेपटीला टिचकी मारे. माझी निगा उत्तम राखली जात होती, हे इथे नमूद करतो. अशा आत्मवृत्तांमध्ये पुढे गंज येतो, दुर्लक्ष येते, धुळीचा थर येतो. माझ्या वाट्याला तसले काहीच आले नाही. मी चकचकीत होतो. चकचकीत आणि वाकडा.

वीज सांगितल्यापेक्षा कमीच येते हे दिसले तेव्हा समितीने कारण शोधले. यंत्र नवे, तपासणी चोख. मग उरले कोण? वारा. वाऱ्याला वकील नसतो. शहरात बोलले जाऊ लागले की इथला वाराच पडका, आणि वारेबाईने दोन हिवाळे काय मोजले देव जाणे. समितीचे सदस्य एकदा पाहणीला टेकडीवर आले. त्या दिवशीची हकीकत मेहुण्याने वर येऊन सांगितली तेव्हा त्याला हसू आवरत नव्हते.

"दाजी, त्या चष्मेवाल्या साहेबांची छत्री उलटी झाली. अक्षरशः कमळ झालं तिचं! छत्रीमागे पळता पळता ओरडून काय सांगत होते माहीत आहे? 'नोंद घ्या, वारा अपुरा आहे!'"

"हसू नकोस," मिस्त्री म्हणाला, पण तोही हसत होता.

मी हसू शकत नाही. हसू शकलो असतो, तरी तेव्हा हसलो नसतो.

पुढे एका वादळात माझा बोल्ट सैल झाला आणि मी दांड्यासकट थोडा फिरलो. आता आश्चर्य ऐका. फिरून मी जिथे थांबलो तिथे माझी लाल खूण नेमकी यंत्राच्या नाकाकडे आली. वादळाला जे जमले ते इतक्या तपासण्यांना जमले नव्हते. यंत्र सावकाश वळले, आणि उभारल्यापासून पहिल्यांदाच वारा त्याच्या थेट तोंडावर आला. कुरकूर थांबली. पाती अशी फिरू लागली की जणू आजवर ती झोपेत चालत होती. वारेबाईने सांगितले होते तितकी वीज होऊ लागली. कधी त्याहूनही जास्त.

खालच्या कचेरीत धावपळ उडाली, कारण इतकी वीज अपेक्षित नव्हती. मिस्त्री आणि मेहुणा घाईघाईने वर आले.

"हा बघा, दाजी! कोंबडा सरकलाय. म्हणून आकडे भलतेच येतायत."

"तरीच! कचेरीतले म्हणतात, मीटर बिघडलं असेल, हे आकडे खोडून टाका. सरळ कर त्याला."

आणि त्यांनी मला सरळ केले. म्हणजे वाकडे केले. अगदी काळजीपूर्वक, कठड्यावर डोळा लावून, दोनदा खात्री करून. वाढलेली वीज हिशेबातून वगळली गेली, कारण कमी पडण्याचे कारण आधीच ठरलेले होते. चांगले निघण्याचे मात्र कोणी ठरवलेच नव्हते. त्या दिवशी मला जो धक्का बसला त्याची तुलना मी कशाशी करू? मी धातूचा आहे, माझ्यावर वीज कोसळून गेलेली आहे. ती सौम्य होती.

समितीची शेवटची बैठक जवळ आली. धुराड्याचे नकाशे तयार होते. अशा वेळी एका सकाळी मिस्त्री आणि मेहुण्याबरोबर झरोक्यातून तिसरे डोके वर आले. ती वारेबाई होती. केस विस्कटलेले, श्वास चढलेला, खांद्याला कापडी पिशवी.

"बाई, पुन्हा सांगतो," मिस्त्री नाराजीने म्हणत होता, "दरवर्षी मी स्वतः तपासतो. कोंबड्यात काही दोष नाही."

"दोष आहे असं मी कुठे म्हणते? सासूबाई म्हणतात."

"सासूबाई?"

"काल गच्चीवर कपडे काढत होत्या. म्हणाल्या, 'अगं, तुझं यंत्र असं नाक मुरडून का उभं असतं? धुराड्याचा धूर बघ कसा एका रेषेत निघालाय, आणि हे मात्र भलतीकडेच बघतंय. तू माझ्याशी भांडलीस की बघतेस ना, तस्सं.'"

मेहुणा खो खो हसला. बाई हसली नाही. "मी आज पहाटेपासून बघते आहे, मिस्त्री. धूर फिरतो तसं यंत्रही फिरतं, पण प्रत्येक वेळी तेवढंच चुकतं. डावीकडे म्हणजे डावीकडेच. वारा असा नेमाने चुकत नाही. हे माणसाचं काम आहे."

पाहा, ज्या धुराड्याला जोडीदार मिळू नये म्हणून ती झटत होती, त्याच धुराड्याने तिला वाऱ्याची खरी दिशा दाखवली.

तिने पिशवीतून सुताची गुंडी काढली. नाकामागच्या मधल्या बोल्टला मेहुण्याने एक टोक बांधले. दुसरे टोक तिने मागच्या बाजूला मधोमध असलेल्या कडीतून ओढून ताणले. सूत माझ्या अंगावरून गेले. एका बाजूला सूत, दुसऱ्या बाजूला कठडा. आणि दोहोंच्या मध्ये माणूस पाय टाकून उभा राहील एवढी फट.

"दाजी," मेहुणा हळूच म्हणाला, "सूत वाकडं आहे."

"ताणलेलं सूत वाकडं कसं असेल?" बाई म्हणाली.

मिस्त्री गुडघ्यांवर बसला. त्याने एक डोळा मिटून सुताकडे पाहिले, मग कठड्याकडे, मग पुन्हा सुताकडे.

"मग इतकी वर्षं मी काय तपासत होतो?"

"कठडा," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच तो शब्द जास्त लागला. "कठडा अगदी जागच्या जागी आहे, मिस्त्री."

मग मिस्त्रीचा चेहरा पांढरा पडला. "वादळानंतर..." तो म्हणाला, "वादळानंतर ते आपोआप बरोबर झालं होतं. आणि आम्ही येऊन..." त्याला वाक्य पुरे करता आले नाही. ते मी पुरे केले असते, पण मला दिशेखेरीज काही सांगता येत नाही.

त्यांनी मला काढले आणि माझ्या जागी नवा वातदर्शक सुताच्या रेषेत बसवला. यंत्र वळले. खालून येणारा गुणगुणाट ऐकून मिस्त्रीने खिशातला रुमाल काढला आणि उगाच नाक पुसले. मला बाईने पुरावा म्हणून पिशवीत टाकले.

अशा रीतीने मी समितीच्या बैठकीला हजर राहिलो. चकाकणारे लांब टेबल, पाण्याचे झाकलेले पेले, आणि सगळ्या खिडक्या बंद. खिडक्या बंद का? कारण उघडल्या की वाऱ्याने कागद उडत. या खोलीत बसून इथे वारा आहे की नाही, याचा निर्णय व्हायचा होता.

बाईने मला टेबलावर उभे केले आणि सगळे सांगितले. सूत दाखवले, धुराचे सांगितले, दुरुस्तीनंतरचे आकडे मांडले. अध्यक्ष सज्जन होते. ते लक्ष देऊन ऐकत होते आणि मध्येमध्ये मान हलवत होते.

"बाई, तुमचं पटलं," ते शेवटी म्हणाले. "आम्ही तुमच्याच बाजूचे आहोत. पण अहवालात 'कठडा' हा शब्द घालायचा कसा?"

"जसा आहे तसा घाला."

"घालू हो. पण मग दरवर्षी तपासणीवर सह्या कोणी केल्या, असा प्रश्न येईल. वादळानंतरचे आकडे कोणी खोडायला लावले, असाही येईल. चौकशी बसेल. ती उठेपर्यंत चाळीस यंत्रांचा विषय बाजूला ठेवावा लागेल, आणि धुराड्याचं काम काही थांबणार नाही."

मागे भिंतीला टेकून उभा असलेला मिस्त्री पुढे आला. "साहेब, माझं नाव घाला. चूक माझी आहे."

"मिस्त्री," अध्यक्ष खेदाने म्हणाले, "तुमच्या एकट्याचं नाव पुरत नाही, हीच तर अडचण आहे."

मग त्यांनी एक कागद पुढे सरकवला. तो आधीच लिहून तयार होता. त्यात म्हटले होते की अलीकडच्या काळात टेकडीवरचा वारा लक्षणीयरीत्या सुधारला असून, ही अनुकूल बाब ध्यानात घेऊन चाळीस पवनचक्क्यांना मान्यता देण्यात येत आहे.

"वारा सुधारला?" बाई म्हणाली.

"कोणाचाच दोष नाही, बघा. वाऱ्याचाही नाही."

"म्हणजे मी मोजला तेव्हा तो वाईट होता. म्हणजे माझं मोजमाप चुकलं."

"चुकलं असं कशाला म्हणायचं? थोडं उत्साही होतं, इतकंच. वारा मोजणाऱ्या म्हणून सही तुमचीच लागेल. तुम्ही केलीत तर आज यंत्रं मंजूर, धुराडं रद्द."

मित्रांनो, मी त्या टेबलावर उभा होतो आणि बंद खोलीत माझ्या शेपटीला हलवायला एक झुळूकही नव्हती. मला वाटले, ती आता मला उचलून आदळेल. मला वाटले, ती दार आपटून निघून जाईल. ज्या शब्दासाठी लोकांनी वर्षानुवर्षे तिची टिंगल केली, तो शब्द आज खरा ठरला होता आणि त्याच दिवशी तिला तो स्वतःच्या हाताने खोटा ठरवायला सांगत होते.

तिने मला उचलले खरे, पण कागदाला जागा व्हावी म्हणून. मला बाजूला ठेवले, पेन उघडले आणि सही केली. मागे मिस्त्री म्हणाला, "बाई, नका." तिने वर पाहिले नाही.

तिच्या पिशवीतून मीही घरी पोहोचलो, तेव्हा सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. "मग?" त्यांनी विचारले. "जिंकलीस की हरलीस?"

"चाळीस यंत्रं मिळाली. धुराडं रद्द झालं."

"आणि तुझं काय ठरलं?"

"माझं मोजमाप चुकलं होतं, असं."

"असं कोणी लिहून दिलं?"

"मीच."

सासूबाईंनी हातातला शर्ट खाली ठेवला. "वारा सुधारला म्हणे," त्या सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाल्या. "बिघडला कधी होता मेला?" आणि त्या उठून तिच्यासाठी पान वाढायला गेल्या. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत होता.

ती चाळीस यंत्रे आज उभी आहेत. शहरावर एकच धुराडे आहे आणि त्याचीही धग कमी होत चालली आहे. टेकडीच्या पायथ्याशी एक सुबक पाटी लावली आहे. तिच्यावर समितीच्या सर्व सदस्यांची नावे आहेत, छत्रीवाल्या साहेबांचेही, आणि खाली वाक्य आहे: "सुधारलेल्या वाऱ्याचा लाभ घेऊन." वारेबाईचे नाव नाही. असणार तरी कसे? ती चुकली होती.

माझ्यासारखे म्हातारे शेवटी तुमच्याकडे काही मागतात. मी तेल मागत नाही, फडके मागत नाही. त्यांची माझ्याकडे कधीच टंचाई नव्हती. माझे मागणे एवढेच आहे. तुमची शाळा कधी सहलीला त्या टेकडीवर जाईल. शिक्षक तुम्हाला पाटी वाचायला सांगतील. वाचा, मोठ्याने वाचा. मग तिच्याकडे पाठ करून उभे राहा आणि डोळे मिटा. तुमच्या तोंडावर जो वारा येईल तो कोणत्याही अहवालाने सुधारलेला नाही. तो तेव्हाही असाच वाहत होता. हे एका बाईला ठाऊक होते आणि तिने ते सांगितलेही होते. तुम्ही घरी परत जाल तेव्हा कोणाला तरी तेवढे सांगा.